प्रभुभोजनपूर्व आत्मपरीक्षण

प्रभुभोजन हा ख्रिस्ती धर्मातील एक प्रमुख संस्कार असून त्यात भाकर व द्राक्षारस यांचे सेवन केले जाते. क्रूसावरील मृत्यूच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्ताने शिष्यांसमवेत घेतलेल्या अखेरच्या भोजनाशी तो निगडित आहे. रोमन कॅथलिक पंथात तो मिस्साविधीचा कळस मानला जातो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याचा अर्थ व त्याची वारंवारता यांविषयी बरेच मतभेद आहेत. या संस्काराला सामोरे जाण्यापूर्वी श्रद्धावंताने आपले आचरण व अंतःकरण तपासून पाहावे, अशी अपेक्षा मात्र जवळजवळ सर्व पंथांत आढळते. गोव्याच्या कोंकणीत या संस्काराला ‘कुमगार’ आणि धर्मगुरूपुढील पापनिवेदनाला ‘कुमसार’ असे म्हणतात. पोर्तुगीजमधून आलेले हे दोन शब्द बोलण्यात सहसा जोडीने येतात, आणि ही जोडी या विषयाचा इतिहास पुष्कळसा सांगून जाते.

तो इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो. परीक्षण कशाचे करावयाचे, स्वतःच्या मनाच्या शुद्धतेचे की शेजाऱ्याशी असलेल्या वागणुकीचे? आणि ते करावयाचे कोणी, व्यक्तीने स्वतः की तिच्या वतीने धर्मसंस्थेने? या प्रश्नांना कालपरत्वे मिळालेल्या उत्तरांमुळे कधी हे भोजन सर्वांना जोडणारे ठरले, तर कधी बहुसंख्य श्रद्धावंत त्यापासून आयुष्यभर दूर राहिले.

या परंपरेचे मूळ पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. हे पत्र इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास एफेसस (इफिस) येथून लिहिले गेले. करिंथ हे ग्रीसमधील दोन समुद्रांना जोडणाऱ्या चिंचोळ्या भूमीजवळचे व्यापारी नगर. इ. स. पू. १४६ मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले व इ. स. पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने तेथे नवी वसाहत स्थापिली. त्यामुळे तेथील वस्ती मिश्र होती : मुक्त झालेले गुलाम, व्यापारी, कारागीर आणि नव्याने श्रीमंत झालेली घराणी. ख्रिस्ती मंडळीला त्या काळी स्वतंत्र उपासनामंदिर नव्हते. एखाद्या सधन सभासदाच्या घरी सर्व जण जमत. प्रभुभोजन हे त्या वेळी खऱ्या जेवणाचाच भाग होते. श्रीमंत मंडळी लवकर येत व आपले अन्न आपणच संपवीत. राबणारे व गुलाम उशिरा पोहोचत, तेव्हा त्यांच्या वाट्याला काहीच उरत नसे. कोणी उपाशी, तर कोणी मद्यधुंद अशी स्थिती झाल्याचे पौलानेच नमूद केले आहे. रोमन घरातील भोजनकक्षात मोजकेच पाहुणे मावत, इतरांना अंगणात बसावे लागे. जर्मन अभ्यासक गेर्ड टाइसन यांनी १९७० नंतरच्या दशकात या प्रसंगाची सामाजिक अंगाने चिकित्सा केली. तेव्हापासून करिंथमधील तंटा हा मूलतः वर्गभेदाचा होता, हे मत अभ्यासकांत बरेच रूढ झाले.

पौलाचा आदेश या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा. अयोग्य प्रकारे भाकर खाणारा व प्याला पिणारा प्रभूच्या शरीराविषयी व रक्ताविषयी दोषी ठरतो. म्हणून प्रत्येकाने प्रथम स्वतःला पारखावे व मग खावे, असा त्याचा आशय आहे. येथे दोन ग्रीक शब्द महत्त्वाचे आहेत. ‘अनाक्सिओस’ हे क्रियाविशेषण आहे. त्याचा रोख खाण्याच्या रीतीवर आहे, खाणाऱ्याच्या पात्रतेवर नाही. ‘दोकिमाझो’ हे क्रियापद धातूचा वा नाण्याचा कस पाहण्यासाठीही वापरले जाई. सोने कसोटीवर घासण्याची मराठी कल्पना त्याला फार जवळची आहे. कस पाहिल्यावर दूर राहा असे पौल म्हणत नाही, तो खावे असेच म्हणतो. शरीर न ओळखता खाण्याविषयी त्याने जो इशारा दिला आहे, त्यातील ‘शरीर’ म्हणजे भाकरीतील ख्रिस्ताचे शरीर की मंडळीरूपी शरीर, याविषयी भाष्यकारांत एकमत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत. अध्यायाच्या शेवटी पौल जो उपाय सुचवितो तो अगदी साधा आहे : जेवावयास जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. पुढील शतकांत ही सूचना मागे पडली आणि दोषाची भीती तेवढी पुढे आली.

आरंभीच्या मंडळीत परीक्षणाचे सामाजिक अंग जिवंत होते. ‘डिडखे’ ही पहिल्या शतकाच्या अखेरीस वा दुसऱ्याच्या आरंभी रचलेली मंडळीची नियमावली १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे एका हस्तलिखितात सापडली. तीत रविवारी भाकर मोडण्यापूर्वी अपराध कबूल करावेत व ज्यांचे आपसांत भांडण असेल त्यांनी समेट होईपर्यंत सामील होऊ नये, असा नियम आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन याने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनपत्रात सहभागासाठी श्रद्धा, बाप्तिस्मा व ख्रिस्ताच्या शिकवणुकीनुसार आचरण या तीन अटी सांगितल्या आहेत. त्याच ओघात अनाथ, विधवा, रोगी व बंदिवान यांच्यासाठी जमविल्या जाणाऱ्या निधीचे वर्णनही येते.

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला प्रथम राजमान्यता व पुढे राजाश्रय मिळाला आणि चर्चमध्ये गर्दी वाढली. संस्काराभोवती भयभक्तीचे वलय दाट होऊ लागले ते याच काळात. योहान क्रिसोस्तोम (सु. ३४७–४०७) याच्या प्रवचनांत त्याचे उत्कट वर्णन आढळते, परंतु याच वक्त्याने केवळ सणापुरते येणाऱ्यांवर कडक टीका केली. सण ही पात्रता नसून निर्मळ विवेक हीच खरी पात्रता, असे त्याचे म्हणणे होते. वेदी सज्ज असताना कोणी पुढे येत नाही, अशी खंतही त्याने व्यक्त केली आहे. सत्ताधाऱ्यालाही या मेजाशी अडविले जाऊ शकते, हे ३९० मध्ये दिसले. थेसालोनिकातील दंग्याचा सूड म्हणून तेथील नागरिकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ (सु. ३३९–३९७) याने सम्राट पहिला थिओडोशियस यास जाहीर प्रायश्चित्ताविना संस्कार देण्याचे नाकारले व सम्राटाला नमावे लागले.

सामान्य श्रद्धावंतांच्या बाबतीत मात्र अंतर वाढतच गेले. ५०६ मध्ये आग्द येथील धर्मपरिषदेने नाताळ, ईस्टर व पेंटेकॉस्ट या तीन सणांना तरी संस्कार घ्यावा असा नियम केला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेला वर्षातून एकदा पापनिवेदन करून ईस्टरला संस्कार घेण्याची किमान अट घालावी लागली. नियम किमान मर्यादेचा होता. व्यवहारात तीच कमाल मर्यादा ठरली. तेराव्या शतकापासून धर्मगुरूने उंच धरलेल्या पवित्र भाकरीचे दर्शन घेण्यातच लोक धन्यता मानू लागले आणि द्राक्षारसाचा प्यालाही सामान्यांच्या वाट्याला येईनासा झाला. भोजनाचे रूपांतर दर्शनात झाले, असे म्हणता येईल.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांना ही स्थिती पालटावयाची होती. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने १५२९ च्या लघुप्रश्नोत्तरीत उपवासादी बाह्य तयारी चांगली असली, तरी ख्रिस्ताने आपल्यासाठी देह दिला या वचनावर विश्वास ठेवणारा तोच खरा पात्र, असे प्रतिपादन केले. झां कॅल्व्हिन (१५०९–६४) याने परिपूर्ण शुद्धतेची अट घातल्यास कोणीच पात्र उरणार नाही हे दाखवून दिले आणि हा संस्कार रोग्यांसाठी असलेले औषध आहे, असे मांडले. तो दर आठवड्याला व्हावा अशी त्याची इच्छा होती. जिनीव्हाच्या नगरपरिषदेने १५४१ मध्ये वर्षातून चारच वेळा तो ठेवला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या पाळक व वडील यांच्या न्यायमंडळाकडे आचरणाची चौकशी आली. कोणाला मेजापासून दूर ठेवावे हा अधिकार नगरपरिषदेचा की या मंडळाचा, यावरून १५५५ पर्यंत संघर्ष चालला. दारे उघडणारी शिकवण आणि दारावर पहारा बसविणारी संस्था अशी दोन्ही एकाच शहरात, एकाच माणसाच्या प्रभावाखाली उभी राहिली. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातही हाच दुपेडीपणा आहे. १६६२ च्या प्रतीत संस्काराची सूचना देताना वाचावयाचे दोन उपदेश आहेत. एक अयोग्यपणे येण्याच्या संकटाचा इशारा देतो. दुसरा लोक यावयास टाळाटाळ करीत असल्यास वाचावयाचा असून न येण्याबद्दल त्यांची कानउघाडणी करतो. इंग्लंडात पुढे १६७३ च्या कायद्याने सरकारी पद धारण करणाऱ्यास राष्ट्रीय चर्चमध्ये हा संस्कार घेणे सक्तीचे केले. नोकरीसाठी प्रभुभोजन घेण्याची ही विटंबना १८२८ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती.

आत्मपरीक्षणाची सर्वांत तपशीलवार व्यवस्था उभी राहिली ती स्कॉटलंडमध्ये. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर तेथे संस्कार वर्षातून अनेकदा व्हावा असा संकल्प होता. प्रत्यक्षात बहुतेक ग्रामीण मंडळ्यांत तो वर्षातून एकदा, क्वचित त्याहूनही कमी वेळा होई. म्हणूनच त्याला जत्रेसारखे स्वरूप आले. आधीच्या आठवड्यांत पाळक व वडील घरोघर जाऊन प्रश्नोत्तरीवर लोकांची परीक्षा घेत. शेजाऱ्यांतील भांडणे, शिवीगाळ, व्यभिचार यांची चौकशी होई आणि समेटही घडविले जात. पात्र ठरलेल्यास शिशाचा एक लहान बिल्ला मिळे. त्यावर गावाच्या नावाचे आद्याक्षर व बहुधा सालाचा आकडा उमटविलेला असे. गुरुवारी उपवास, शनिवारी तयारीचे प्रवचन, रविवारी संस्कार आणि सोमवारी आभारप्रदर्शन असा कार्यक्रम चाले. रविवारी पाळक दहा आज्ञांच्या क्रमाने पापांची यादी वाचून त्या पापांत राहणाऱ्यांना दूर राहण्यास बजावी; या प्रकाराला ‘मेजाला कुंपण घालणे’ असेच नाव होते. त्यानंतर पांढऱ्या कापडाने आच्छादलेल्या लांब मेजांशी लोक तुकड्यातुकड्यांनी बसत. बसताना वडील बिल्ला परत घेत.

शिशाचा हा तुकडा अनेक परगण्यांतून आजही संग्रहालयांत जपून ठेवलेला आढळतो. त्याचे मोल पैशात नव्हते. तो नाकारला जाणे म्हणजे सगळ्या गावासमोर नाव जाणे होय. तो मिळणे म्हणजे वर्षभराच्या वागणुकीला मिळालेली मान्यता होय. गरीब मोलकरीण व जमीनदार यांना एकाच प्रकारचा बिल्ला मिळे व दोघे त्याच मेजाशी बसू शकत, हेही लक्षात घ्यावयास हवे. करिंथमध्ये जे बिघडले होते ते या रचनेत काही अंशी सुधारले होते.

१७४२ मध्ये ग्लासगोजवळील कँबसलँग येथे या उत्सवाने विलक्षण रूप धारण केले. तेथील पाळक विल्यम मकलक याच्या मंडळीत त्या वर्षाच्या आरंभापासून धार्मिक जागृतीची लाट उसळली होती. ११ जुलैला संस्कार झाला आणि रूढी मोडून अवघ्या पाच आठवड्यांनी, १५ ऑगस्टला तो पुन्हा ठेवण्यात आला. इंग्लंडहून आलेला प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड (१७१४–७०) तेथे बोलला. समकालीन अंदाजानुसार दुसऱ्या वेळी सुमारे ३०,००० लोक जमले होते. प्रत्यक्ष मेजाशी बसले ते सुमारे ३,०००. जमाव मोजण्याच्या त्या काळच्या पद्धती पाहता पहिला आकडा सैल धरावा हे बरे. दुसरा मात्र बिल्ल्यांमुळे अधिक विश्वासार्ह ठरतो. अशा मेळाव्यांत सगळेच काही पश्चात्तापदग्ध नसत. तंबूंच्या कडेने दारू, गप्पा व प्रेमप्रकरणेही चालत. कवी रॉबर्ट बर्न्स (१७५९–९६) याने १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द होली फेअर’ या कवितेत त्यांचा मार्मिक उपहास केला आहे. आपल्याकडील यात्रांची वर्णने वाचलेल्यास त्यात अनोळखी असे काही वाटणार नाही.

खरी शोकांतिका स्कॉटलंडच्या उत्तरेकडील गेलिक भाषिक डोंगराळ प्रदेशात घडली. तेथे आत्मपरीक्षण इतके कठोर झाले, की नियमाने उपासनेस येणारे, निष्कलंक आयुष्य जगलेले, शेकडो वचने मुखोद्गत असलेले वृद्धही आपण पात्र नाही या भावनेने कधीच मेजाशी गेले नाहीत. मंडळीचे शेकडो अनुयायी आणि संस्कार घेणारे सभासद मूठभर, हे चित्र विसाव्या शतकातही तेथील काही मंडळ्यांत कायम होते. विशेष हे, की या मंडळ्या ज्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीला प्रमाण मानीत, तिने याच प्रश्नाचा विचार केला होता. १६४७ मध्ये तयार झालेल्या बृहत् प्रश्नोत्तरीच्या १७२ व्या प्रश्नात आपल्या उद्धाराविषयी साशंक असलेल्याने संस्काराला यावे काय, असे विचारले आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आहे : शंकेचे दुःख वाटणे आणि ख्रिस्ताची ओढ असणे हीच त्याची योग्यता. लिखित सिद्धान्ताने दुर्बलाला बोलावले होते. प्रवचनाच्या सुराने व गावाच्या नजरेने त्याला मागे ठेवले. वाच्यार्थापेक्षा वातावरण बलवत्तर ठरते, याचे धर्मेतिहासातील हे ठळक उदाहरण होय.

अटलांटिकपलीकडे हाच प्रश्न एका पाळकाच्या पदच्युतीपर्यंत गेला. न्यू इंग्लंडमधील प्यूरिटन मंडळ्या पूर्ण सभासदत्वासाठी आपल्या अंतरंगातील परिवर्तनाची साक्ष मागत. पुढच्या पिढीतील अनेकांना तशी साक्ष देता येईना. नॉर्दॅम्प्टनच्या सॉलोमन स्टॉडर्ड (१६४३–१७२९) याने हा संस्कारच परिवर्तन घडवू शकतो असे मानून सदाचारी जनांना मेज खुले केले. त्याचा नातू व उत्तराधिकारी जोनाथन एडवर्ड्‌झ (१७०३–५८) याने बरीच वर्षे आजोबांची रीत चालविल्यावर १७४९ मध्ये ग्रंथ लिहून ती नाकारली. सभासदांनी २०० हून अधिक मतांनी त्याला पदावरून दूर केले. त्याच्या बाजूने मते पडली अवघी २३. १७५१ मध्ये अमेरिकेतील त्या काळचा सर्वश्रेष्ठ धर्मचिंतक सीमेवरच्या स्टॉकब्रिज या खेड्यात आदिवासींचा पाळक म्हणून गेला. इंग्लंडात जॉन वेस्ली (१७०३–९१) मात्र वारंवार संस्कार घेणे हे कर्तव्यच आहे, असे आग्रहाने सांगत होता. अपात्रतेच्या भीतीने दूर राहणे ही त्याच्या दृष्टीने आज्ञाभंगाची सबब होती.

कॅथलिक जगातील वादाचे निमित्त काहीसे गमतीदार आहे. सतराव्या शतकात पॅरिसमधील दोन उमराव स्त्रियांत, ज्या दिवशी संस्कार घेतला त्याच दिवशी नृत्याच्या मेजवानीस जावे काय, यावर मतभेद झाला आणि दोघींच्या धर्मोपदेशकांनी त्यात लेखणी उचलली. त्यातून आंत्वान आर्नो (१६१२–९४) याचा वारंवारतेवर कडक अटी घालणारा ग्रंथ १६४३ मध्ये निघाला. यान्सेनपंथीयांच्या या कठोर भूमिकेचा प्रभाव फ्रान्सवर दीर्घकाळ राहिला. ट्रेंट येथील परिषदेने १५५१ मध्ये महापापाची जाणीव असल्यास आधी पापनिवेदन आवश्यक ठरविले होते, पण १५६२ मध्ये प्रत्येक मिस्साला उपस्थितांनी संस्कार घ्यावा अशी इच्छाही व्यक्त केली होती. ती प्रत्यक्षात येण्यास साडेतीन शतके लागली. पोप दहावे पायस यांच्या १९०५ च्या आदेशाने महापापापासून मुक्त व शुद्ध हेतू असलेल्या कोणासही दररोज संस्कार घेण्याची मुभा स्पष्ट झाली. १९१० च्या आदेशाने सुमारे सात वर्षांच्या बालकांनाही तो मिळू लागला. मध्यरात्रीपासून निर्जळी राहण्याचा नियम १९५३ पासून टप्प्याटप्प्याने शिथिल होऊन १९६४ मध्ये एक तासावर आला.

भारतात या परीक्षणाला जी कसोटी लागली ती युरोपात अपरिचित होती. तमिळ प्रदेशातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वेल्लाळ ख्रिस्ती वेगळे बसत व प्याला इतर जातींच्या आधी घेत. कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन (१७७८–१८५८) याने १८३३ च्या परिपत्रकाने चर्चमधील आसनांत व प्रभुभोजनात जातिभेद पाळण्यास मनाई केली. तंजावर व आसपासच्या अनेक वेल्लाळ ख्रिस्त्यांनी ती मानली नाही व संस्कारापासून दूर राहणे पत्करले. त्यांचे दूर राहणे अपात्रतेच्या भीतीमुळे नव्हते. दुसऱ्याच्या ओठांना लागलेल्या प्याल्याची ती भीती होती. अठराशे वर्षांनी करिंथचा प्रश्न जवळजवळ मूळ स्वरूपात पुन्हा उभा राहिला होता.

महाराष्ट्रात अमेरिकन मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून कोकणात होते. निरनिराळ्या जातींतून आलेल्या नवख्रिस्त्यांना एकाच भाकरीतून खाणे व एकाच प्याल्यातून पिणे ही बाप्तिस्म्याइतकीच निर्णायक पायरी होती, कारण अन्नपाण्याचे निर्बंध हाच जातीचा सर्वांत दृश्य भाग होता. याच सुमारास मुंबईत हिंदू सुधारकांची गुप्त परमहंस सभा (सु. १८४९) कार्य करीत होती. तीत सभासदाला ख्रिस्त्याने भाजलेला पाव खाऊन जातिबंधन तोडल्याची खूण पटवावी लागे. तो पाव धर्मविधीचा नव्हता. तरी एका घासाने माणसाची कसोटी पाहावयाची, हे दोहोंतील साम्य नजरेत भरते. १८६० मध्ये सभेची सभासदसूची चोरीस गेली, नावे फुटण्याच्या भीतीने सभासद पांगले व सभा संपुष्टात आली. या सभेत वावरलेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला व तो घास उघडपणे घेतला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट आदी परंपरांतील मंडळ्या एका मेजाशी आल्या. त्यांपैकी काहींच्या पूर्वजांनी शिशाचे बिल्ले दाखविले होते, काहींच्या पूर्वजांनी प्रार्थनापुस्तकातील इशारे ऐकले होते. रोमन कॅथलिक चर्च व प्रॉटेस्टंट मंडळ्या यांच्यात परस्परांच्या मेजाशी बसण्याचा प्रश्न मात्र अद्यापि सुटलेला नाही.